लिलीच्या पानांतला कार्प

लिलीच्या पानांजवळ कार्प गळाला लावणं फारसं अवघड नाही. उन्हाळ्यात तो तिथेच असतो, तिथेच खातो, आणि पानांच्या आडोशाला मोकळ्या पाण्यापेक्षा अधिक निर्धास्त असतो. अवघड आहे ते त्याला तिथून बाहेर काढणं. आठ-दहा किलोचा मासा गळ टोचताच काही क्षणांत देठांच्या गर्दीत शिरतो. दोर देठांना गुंडाळला जातो आणि तुटतो. मग माशाच्या ओठात गळ राहतो आणि मागे दोराचा तुकडा लोंबत राहतो. तो तुकडा देठांत अडकला, तर मासा जागच्या जागी बांधला जातो आणि तसाच मरतो.

म्हणूनच ही मासेमारी शेवटाकडून सुरुवातीकडे विचार करत शिकावी लागते. आधी मासा कोणत्या वाटेने काठाला येणार हे ठरवायचं. मग त्यासाठी दोर किती जाड हवा, गरवणाऱ्याने कुठे बसायचं, आमिष कुठे ठेवायचं, हे त्यावरून ठरतं. आमिष कोणतं हा प्रश्न सर्वांत शेवटी येतो. नवशिका मात्र नेमका त्याच प्रश्नापासून सुरुवात करतो.

कार्प गरवण्याची कला सर्वांत बारकाईने घडली ती इंग्लंडमध्ये, जुन्या वाड्यांच्या आवारातल्या लहान तळ्यांवर. त्यामुळे या प्रकरणात आपण मुख्यतः तिथल्या पाण्यावर राहू आणि शेवटी आपल्या तलावांकडे येऊ.

पानांखाली काय असतं

इंग्लंडच्या तळ्यांत प्रामुख्याने दोन जातींच्या लिली दिसतात. पांढऱ्या, मोठ्या फुलांची ‘निंफिया आल्बा’ आणि पिवळ्या, लहान, गोलसर फुलांची ‘नुफार ल्युटिया’. वरून दिसतात ती तरंगती पानं. झाडाचा खरा पसारा खाली चिखलात असतो. तिथे जाड कंद आडवे वाढत जातात आणि त्यांच्यापासून निघालेले देठ दोन-दोन मीटर पाणी चढून वर येतात. पिवळ्या लिलीला पाण्याखाली राहणारी पातळ, लाटदार कडांची पानंही असतात. शरद ऋतूत तरंगती पानं कुजून नाहीशी होतात तेव्हाही ही खालची पानं आणि कंद शिल्लक असतात. वर काही दिसत नसलं तरी दोर अडकवणारं जंगल खाली हिवाळ्यातही असतं, हे लक्षात ठेवावं.

ज्या चिखलात हे कंद वाढतात तिथे ऑक्सिजन जवळपास नसतो. मग कंद श्वास कसा घेतो? जॉन डेसी या शास्त्रज्ञाने १९८० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात याचं उत्तर दिलं. उन्हाने कोवळी पानं तापतात, त्यांच्या आतल्या पोकळ्यांत हवेचा दाब वाढतो आणि ती हवा देठातून खाली कंदापर्यंत ढकलली जाते. तिथून ती जुन्या, सच्छिद्र झालेल्या पानांच्या देठांतून पुन्हा वर येऊन बाहेर पडते. एका पानातून दिवसाला बावीस लिटरपर्यंत हवा अशी खाली जाऊ शकते. परतीच्या वाटेवर ही हवा चिखलातला मिथेनही बरोबर घेऊन येते.

गरवणाऱ्याला याचा उपयोग काय? एक तर, लिलीची पानं आपला ऑक्सिजन पाण्यात फारसा सोडत नाहीत. त्यांची देवाणघेवाण हवेशी चालते. शिवाय दाट पानांखाली उजेड पोचत नाही, त्यामुळे पाण्याखालच्या इतर वनस्पतीही तिथे कमी वाढतात. अखंड, घट्ट पसरलेल्या लिलीखालच्या पाण्यात पहाटेपर्यंत ऑक्सिजन बराच उतरलेला असू शकतो. कार्प कमी ऑक्सिजन सोसतो, पण खाण्याचा उत्साह त्याच्या अंगी तेव्हा नसतो. त्यामुळे एकसंध हिरव्या पसाऱ्याच्या मध्यापेक्षा जिथे पानं आणि मोकळं पाणी एकमेकांत मिसळतात, जिथे पानांमध्ये खिडक्या आणि खाचा आहेत, अशा कडा बघाव्यात.

या कडांवर खाणंही भरपूर असतं. गोगलगायी पानांच्या खालच्या बाजूला पारदर्शक, चिकट गोळ्यांत अंडी घालतात. चतुराच्या नाजूक भाईबंदांपैकी काहींच्या माद्या देठांना छेद देऊन आत अंडी ठेवतात. एका पतंगाची अळी पानाचे लंबगोल तुकडे कापून स्वतःला पांघरूण करते. लिलीवरच जगणारे भुंगेरे पानांवर भोकं पाडत फिरतात. खाली चिखलात कायरोनोमस माश्यांच्या लाल अळ्या असतात. त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या ऑक्सिजन जवळपास नसलेल्या गाळातही तग धरतात. कार्पसाठी पानाच्या पाठीपासून तळाच्या गाळापर्यंत सगळीकडे खाणं मांडून ठेवलेलं असतं.

कार्प कसा मासा आहे

‘सायप्रिनस कार्पियो’ हा मूळचा काळा समुद्र, कॅस्पियन आणि अरल समुद्राभोवतीच्या नद्यांचा आणि डॅन्यूबचा रहिवासी. मध्ययुगात युरोपभर मठांच्या आणि वाड्यांच्या तळ्यांत तो पाळला गेला, कारण तो उथळ, गढूळ पाण्यातही वाढतो आणि ओल्या गवतात गुंडाळून दूरवर जिवंत नेता येतो. पंधराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये त्याची नोंद सापडते. १६५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात आयझॅक वॉल्टनने त्याला थेट राणीपदाचा मान दिला आणि त्याच्या धूर्तपणाबद्दल वाचकांना सावध केलं.

त्याच्या तोंडात दात नसतात. ते असतात घशात, आणि त्यांनी तो गोगलगायीचं कवच सहज फोडतो. ओठ नळीसारखे पुढे काढून तो गाळ, बी, अळी असं सगळं एकदम ओढून घेतो. तोंडाच्या आत असंख्य रुचिकलिका असतात. त्यांच्या आधारे खाण्याजोगं आत राहतं आणि बाकीचं थुंकलं जातं. ओठांच्या कडेला मिशांच्या दोन जोड्या असतात, त्या गाळ चाचपतात. कार्पला जठर नसतं, नुसतं लांब आतडं असतं. एकदा भरपेट खाऊन दिवसभर पडून राहणं त्याला जमत नाही. थोडं थोडं, वारंवार खाणं ही त्याच्या शरीराचीच गरज आहे.

त्याचे कान तीक्ष्ण असतात. वाताशय आणि अंतर्कर्ण यांना जोडणारी हाडांची एक छोटी साखळी कार्पच्या कुळात असते. तिच्यामुळे पाण्यातला आवाज त्याला फार चांगला कळतो. काठावर टाच आपटली तर तिची कंपनं मातीतून पाण्यात पोचतात. डोळ्यांचं गणितही समजून घ्यावं. पाण्याखालून वर बघणाऱ्या माशाला बाहेरचं जग सुमारे ९७ अंशांच्या शंकूतून दिसतं. मासा एक मीटर खोल असेल तर त्याच्या डोक्यावर साधारण सव्वादोन मीटर व्यासाची खिडकी असते. पलीकडे त्याला पाण्याच्या पृष्ठभागाचा आरसाच दिसतो. काठावरच्या वस्तू या खिडकीच्या अगदी कडेला, चेपलेल्या दिसतात. जो गरवणारा गुडघ्यांवर रांगत, काठाशी सपाट राहून पुढे सरकतो तो त्या कडेच्या खाली राहतो. उभा राहणारा पूर्ण दिसतो. लिलीची पानं या खिडकीचा बराच भाग झाकतात. कार्पला तिथे निर्धास्त वाटतं त्याचं एक कारण हेही आहे.

पानं वाचणं

लिलीजवळ आल्यावर पहिला अर्धा तास रॉड जोडूही नये. नुसतं बघावं.

वारा नसताना एखादं पान हललं तर तिथे लक्ष द्यावं. सगळी पानं एकदम हलली तर वारा. एकामागून एक, एका रेषेत हलत गेली तर खालून मासा देठांना घासत चालला आहे. कधी फूल झुकतं आणि सरळ होतं, कधी पानाची कड क्षणभर पाण्याखाली ओढली जाते. या हालचालींच्या अंतरावरून माशाचा वेग आणि दिशा कळते. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे तो कुठून आत शिरतो आणि कुठून बाहेर येतो ते कळतं. कार्पच्या येण्याजाण्याच्या वाटा बऱ्याचदा ठरलेल्या असतात.

मग आवाज. उन्हाळ्याच्या संध्याकाळी पानांतून ‘क्लूप’ असा, बाटलीचं बूच निघावं तसा आवाज येतो. कार्प पानाच्या खालच्या बाजूची गोगलगायीची अंडी किंवा पृष्ठभागावर पडलेला किडा ओढून घेत असतो. ज्याने हा आवाज एकदा ओळखला, त्याला लिलीचा पट्टा रिकामा आहे की भरलेला हे अंधारातही सांगता येतं.

बुडबुडे मात्र फसवतात. लिलीखालचा गाळ कुजत असतो, त्यातून मिथेनचे बुडबुडे आपोआप निघतात. एकाच जागी, ठरावीक अंतराने येणारे बुडबुडे बहुधा गाळाचे असतात. पुढे सरकत जाणारे, बारीक, फेसाळ बुडबुडे आणि त्यांच्यासोबत उठणारा गढूळपणा ही तळ उकरणाऱ्या माशाची खूण आहे.

ऋतूही बघावा लागतो. इंग्लंडमध्ये एप्रिल-मे महिन्यांत पानं वर येतात, जूनपर्यंत पट्टा भरतो आणि ऑक्टोबरमध्ये विरतो. मे-जूनमध्ये पाणी १८ ते २० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की कार्प अंडी घालतो. तेव्हा उथळ पाण्यातल्या वनस्पतींत नर-माद्यांची घुसळण चालते, पाणी उसळतं, आणि चिकट अंडी देठा-पानांना चिकटतात. हे दृश्य दिसलं की गळ पिशवीत ठेवावा. मासे खाण्याच्या मनःस्थितीत नसतात हे तर आहेच. पण त्या दिवसांत त्यांना त्रास देणं म्हणजे पुढच्या पिढीवर घाला घालणं आहे.

अशक्य मानलेला मासा

एके काळी मोठा कार्प पकडता येत नाही असंच इंग्लंडमध्ये मानलं जाई. १९३० साली आल्बर्ट बकलीने मॅपर्ली जलाशयातून २६ पौंडांचा, म्हणजे सुमारे पावणेबारा किलोंचा कार्प काढला आणि तो विक्रम वीस वर्षांहून अधिक टिकला. मासे होते, लागतही होते; पण दोर तुटत आणि मासे जात. लोकांनी त्याचा दोष माशाच्या चतुराईला दिला.

रिचर्ड वॉकरने तो दोष साहित्यात शोधला. अभियांत्रिकी शिकलेल्या या माणसाने ताकद, ताण आणि लवचिकता यांचा हिशेब मांडून फाकवलेल्या बांबूच्या पट्ट्या चिकटवून स्वतःचा कार्प-रॉड घडवला आणि आमिषाला तोंड लागताच सूचना देणारं विजेचं यंत्रही तयार केलं. ‘बीबी’ या टोपणनावाने लिहिणारे डेनिस वॉटकिन्स-पिचफर्ड आणि इतर मोजक्या मंडळींसह त्याने कार्प पकडणाऱ्यांचा एक छोटा क्लब उभा केला. हे लोक एकमेकांना पत्रं लिहून निरीक्षणं कळवत.

हेरफर्डशरमधलं रेडमायर हे जेमतेम तीन एकरांचं तळं. तिथे १९३४ साली कार्पची पन्नास पिलं सोडली होती. १९५१ साली बॉब रिचर्ड्सने तिथे ३१ पौंडांहून मोठा कार्प पकडून बकलीचा विक्रम मोडला. पुढच्या वर्षी, १३ सप्टेंबर १९५२च्या पहाटे, वॉकरने ४४ पौंडांचा, म्हणजे जवळपास वीस किलोंचा कार्प काठावर आणला. तो मासा लंडन झूच्या मत्स्यालयात नेला गेला. ‘क्लॅरिसा’ या नावाने त्याने तिथे हजारो लोकांना दर्शन दिलं आणि तो १९७१पर्यंत जगला. त्याच तळ्यात १६ जून १९८० रोजी ख्रिस येट्सने साडेएकावन्न पौंडांचा कार्प पकडला. त्याचं आमिष होतं मक्याचे दाणे.

रेडमायरने दोन गोष्टी शिकवल्या. साहित्य माशाच्या ताकदीला आणि पाण्यातल्या अडथळ्यांना साजेसं असेल तर मोठा कार्प बाहेर येतो. आणि बाहेर आलेला कार्प जिवंत ठेवता येतो. लिलीजवळची आजची सगळी पद्धत या दोन धड्यांवर उभी आहे.

आमिष कुठे ठेवायचं

पानांच्या मधोमध आमिष टाकण्याचा मोह फार मोठा असतो, कारण मासा तिथेच दिसत असतो. तो आवरावा. आमिष पानांच्या कडेपासून थोडं बाहेर, मोकळ्या तळावर, माशाच्या ठरलेल्या वाटेवर ठेवावं. जागा निवडताना तीन गोष्टी तपासाव्यात. तळ स्वच्छ आहे का, हे शिसं टाकून, ओढून, हाताला जाणवणाऱ्या धक्क्यांवरून कळतं. आमिषापासून काठापर्यंतच्या वाटेत दुसरा लिलीचा पट्टा, बुडालेली फांदी किंवा खुंट नाही ना? आणि आपण बसणार ती जागा अशी आहे का, की तिथून ओढल्यावर मासा पानांपासून दूर येईल? पानांच्या पलीकडच्या काठावरून, पानांवरून दोर टाकून गरवणं म्हणजे माशाला आपणहून देठांत ओढून घेणं.

कार्पला पानांबाहेर बोलवायचं तर थोडं थोडं खाणं टाकत राहावं. भिजवून पूर्ण शिजवलेले मक्याचे दाणे, पावाचा चुरा, भिजवलेलं धान्य यातलं मूठभर दिवसातून दोन-तीनदा एकाच जागी टाकलं की त्या जागेवरचा विश्वास वाढतो. तरंगत्या आमिषासाठी पावाचा कडक कडेचा तुकडा आजही अव्वल आहे. तो पानाच्या कडेला टेकवून ठेवला तर दोरही पानावर विसावतो, पाण्यात दिसत नाही.

१९७०च्या सुमारास फ्रेड विल्टनने प्रथिनांनी समृद्ध पीठ अंड्यात मळून, गोळ्या करून उकळायला सुरुवात केली. या उकडलेल्या कडक गोळ्या लहान मासे कुरतडू शकत नाहीत, त्यामुळे आमिष कार्पसाठीच शिल्लक राहतं. काही वर्षांनी लेन मिडलटन आणि केव्हिन मॅडॉक्स यांनी आमिष गळात न ओवता गळाला बांधलेल्या बारीक धाग्यावर लटकवलं. सुरुवातीला तो धागा खरोखरच माणसाचा केस होता. कार्प आमिष ओढून घेतो, संशय येऊन थुंकतो, तेव्हा मोकळा गळ त्याच्या खालच्या ओठात रुततो. तोंडातल्या रुचिकलिकांनी पारख करण्याची त्याची सवयच त्याच्याविरुद्ध वापरलेली आहे.

तरीही कार्प शिकतो. बोकेमा या डच संशोधकाने १९७० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसलं, की एकदा गळाला लागून सुटलेला कार्प पुढे दीर्घकाळ, वर्ष उलटल्यावरही, गळाला सहज लागत नाही. एकच अनुभव त्याला पुरतो. ज्या तळ्यावर खूप लोक येतात तिथे म्हणूनच बोभाट्यापेक्षा शांतता जास्त मासे देते.

पहिले काही क्षण

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मासा लागला; पुढे काय?

पाण्यातल्या माशाचं वजन पाणीच पेलतं. दहा किलोचा कार्प ओढायला दहा किलोंची ताकद लागत नाही. लागते ती त्याच्या शेपटीच्या रेट्याला तोंड देण्यापुरती. मोकळ्या पाण्यात माफक दोरही पुरतो तो यामुळे. देठांत मात्र हिशेब बदलतो. होडी धक्क्याला लावताना खुंटाला दोराचे दोन वेढे दिले की लहान मूलही ती होडी धरून ठेवू शकतं. लिलीच्या देठाभोवती दोराचा वेढा पडला की नेमकं तेच घडतं, फक्त आपल्या विरुद्ध. घर्षणांक ०.३ धरला तर एका पूर्ण वेढ्यानंतर गरवणाऱ्याची ओढ माशापर्यंत साधारण साडेसहापट कमी होऊन पोचते. दोन वेढ्यांनंतर ती चाळिसाव्या हिश्श्याच्याही खाली जाते. दोर तुटेपर्यंत ओढलं तरी पलीकडच्या माशाला ते जाणवतही नाही. मासा देठांत गेल्यावर जोर लावून उपयोग नसतो, याचं गणिती कारण हे आहे.

त्यामुळे सगळं कौशल्य मासा देठांपर्यंत पोचू न देण्यात आहे. दोर किमान सात-आठ किलोंचा ताण सोसणारा घ्यावा आणि त्याचा शेवटचा भाग घर्षणाला टिकणारा असावा. गळ जाड तारेचा हवा. बारीक गळ अशा ताणात सरळ होतो. रिळाचा क्लच जवळजवळ पूर्ण आवळलेला असावा. याचा अर्थ रॉडजवळून एक पाऊलही हलता येत नाही. चहा करायला उठायचं असेल तर दोर बाहेर काढून उठावं.

नायलॉनचा दोर ताणाखाली लांबतो. तुटायच्या बेतात असताना त्याची लांबी वीस टक्क्यांनी किंवा त्याहून जास्त वाढलेली असते. चाळीस मीटर दूर गळ टाकला तर रीळ न फिरताही माशाला काही मीटर मोकळीक मिळते, आणि तेवढ्यात तो पानांत असतो. म्हणून लिलीजवळ दुरून गरवू नये. दहा-पंधरा मीटरचं अंतर चांगलं, त्याहून कमी असेल तर आणखी चांगलं. चाहूल लागताच रॉड उचलावा, एक-दोन पावलं मागे सरकावं आणि माशाचं डोकं आपल्याकडे वळेपर्यंत ताण सोडू नये. डोकं वळलं की शेपटीचा रेटा माशाला आपल्याच दिशेने आणतो.

शिसं असं बांधलेलं असावं की मासा लागताच ते सुटून पडेल. खाली ओढणारं वजन गेलं की कार्प पृष्ठभागाकडे येतो. पृष्ठभागावर आलेला मासा पानांवरून घसरत येऊ शकतो. तळाशी राहिलेला मासा देठांभोवती विणत जातो.

तरीही तो अडकलाच तर ताण पूर्ण सैल करून थांबावं. ओढ थांबली की मासा कधी कधी आल्या वाटेने स्वतः परत फिरतो. मग हळू, स्थिर ताण देऊन, ओढण्याची दिशा बदलून पाहावी. लिलीत पोहत जाणं हा मार्गच नाही. देठांनी पाय जखडून चांगल्या पोहणाऱ्यांचाही जीव जाऊ शकतो. होडीने जायचं असेल तर लाइफ जॅकेट घालून, जोडीला माणूस घेऊन, आणि तळ्याच्या नियमांत बसत असेल तरच.

काठावर

मासा हातजाळ्यात आला की घाई करू नये आणि रेंगाळूही नये. कार्पच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, तो त्याला जंतुसंसर्गापासून वाचवतो. कोरडे हात, कोरडं कापड, तापलेली माती हा थर खरवडून काढतात. म्हणून हात आणि खाली अंथरायची जाड गादी आधी भिजवावी. मासा जमिनीलगतच धरावा, उभं राहून छातीशी धरू नये. निसटला तर उंचावरून पडून आतून दुखावतो. उलटा काटा नसलेला किंवा दाबून बसवलेला गळ लवकर निघतो, आणि दोर तुटलाच तर माशालाही तो झटकून टाकणं सोपं जातं. सोडताना मासा पाण्यात सरळ धरावा. तो स्वतःच्या बळावर निघाला की हात काढावेत.

मोठा कार्प वीस, तीस, कधी त्याहून जास्त वर्षांचा असतो. एका तळ्यातला एक मोठा मासा अनेक गरवणाऱ्यांच्या आयुष्यात आनंद देऊन जातो. तो एकाच्या हलगर्जीपणाने मरावा, यासारखं नुकसान नाही.

आपल्या तलावांत

कार्प भारतात आला १९३९ साली, श्रीलंकेतून निलगिरीच्या थंड पाण्यात. १९५७ साली बँकॉकहून आणलेला, उष्ण हवामान मानवणारा प्रकार कटकला पोचला आणि तिथून तो देशभर पसरला. महाराष्ट्रातल्या धरणांवर आणि मासळी बाजारात तो ‘सायप्रिनस’ म्हणूनच ओळखला जातो. रोहू, कटला, मृगळ यांना अंडी घालायला पुराचं वाहतं पाणी लागतं. कार्प साचलेल्या तलावातही पाणवनस्पतींवर अंडी घालतो. त्यामुळे तो एकदा आला की टिकतो.

इथे त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहायला हवं. तळ उकरण्याची त्याची सवय वनस्पतींची मुळं सैल करते आणि पाणी गढूळ करते. जगातल्या शंभर घातक आक्रमक जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. विदर्भातल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत कमळ, कुमुद आणि इतर पाणवनस्पतींच्या आधाराने अनेक देशी मासे वाढतात. तिथे या वनस्पती टिकणं हे ढिवर मच्छीमारांच्या पोटाशी जोडलेलं आहे. इंग्लंडच्या तळ्यात कार्प सोडून देणं ही जबाबदारी असेल. आपल्याकडे एका तलावातला कार्प दुसऱ्या तलावात नेऊन न सोडणं ही जबाबदारी आहे. पकडलेला कार्प खावा. त्यात कमीपणा काही नाही.

लिलीजवळ गरवण्याची रीत मात्र आपल्या माशांनाही लागू पडते. रोहू कमळाच्या देठांवरचं शेवाळ चरतो, तेव्हा तीच पानं तशीच हलतात. कणीक किंवा शेंगदाण्याची पेंड वापरली तरी आमिष कडेच्या बाहेरच ठेवायचं. पवईसारख्या तलावावर, जिथे हौशी गरवणाऱ्यांची जुनी परंपरा आहे, तिथे मगरीही आहेत. म्हणून काठावर वाकून मासा उचलताना पाण्याकडे लक्ष हवं. बहुतेक धरणांचे आणि तलावांचे मासेमारीचे हक्क मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात. गळ टाकण्याआधी त्यांना विचारणं हा शिष्टाचारही आहे आणि नियमही.

कोणत्याही पाण्यावर, कोणत्याही माशासाठी, पानांसमोर बसल्यावर स्वतःला एकच प्रश्न विचारावा: मासा आत्ता लागला तर मी त्याला सुखरूप बाहेर आणू शकेन का? उत्तर ‘हो’ असेल तर निर्धास्त गळ टाकावा. ‘बहुधा’ असेल तर जागा बदलावी, अंतर कमी करावं, दोर जाड घ्यावा आणि पुन्हा विचारावं. उत्तर ‘नाही’ असेल तर त्या दिवशी नुसतं बघावं, मासा कुठून येतो आणि कुठे जातो ते टिपून ठेवावं. पुढच्या वेळी आमिष ठेवण्याची नेमकी जागा त्या टिपणातूनच सापडेल.